पहिल्या बक्षिसाचे उरलेले तीस हजार

बाबा, आज दुपारी चार वाजता मला तीस हजार रुपये मिळणार आहेत. ते घेतले तर तुम्ही चुकला होता असं सगळ्यांसमोर जाहीर होतं, आणि तुम्ही चुकला नव्हता हे आता जिवंत असलेल्यांपैकी फक्त मला माहीत आहे. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी लातूरच्या नव्या हॉलमध्ये, कोर्टाच्या मागच्या भिंतीला लावलेल्या टेबलाशी बसले आहे. अंतिम सामना अकराला आहे. कॅमेरे कालच तपासून झाले, त्यामुळे तासभर तरी मला काम नाही. म्हणून लिहिते.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. आता मी टेनिस कोर्टाभोवती कॅमेरे बसवते. बॉल कुठे टेकला ते कॅमेरे बघतात, मशीन हिशोब करतं, आणि बॉल बाहेर असेल तर स्पीकरमधून एका बाईच्या आवाजात ‘आऊट’ असं येतं. बॉल आत असेल तर मशीन काही बोलत नाही. रेषेवर माणूस बसत नाही. तुम्ही ज्या खुर्चीवर ताठ बसायचात, गुडघ्यांवर हात ठेवून, ती खुर्ची आता कोर्टावर मांडतच नाहीत. आमच्या कंपनीत या कामाला फार लोक नाहीत, म्हणून मी गावोगावी जाते. लातूरचं नाव यादीत आलं तेव्हा दुसऱ्या कुणाला पाठवा असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. का ते मी तपासलेलं नाही.

ही व्यावसायिक स्पर्धा आहे, बंद छताखालची. खेळणाऱ्या मुली बक्षिसाच्या रकमेवर जगतात. दाराशी रकमेची यादी लावली आहे: विजेतीला किती, उपविजेतीला किती, उपांत्य फेरीत हरली तर किती, असं खाली खाली. तुम्ही म्हणायचात, यादी खालून वाचायची, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला परतीचं भाडं निघतं का ते आधी बघायचं, मग स्पर्धा कशी आहे ते कळतं. मी खालून वाचली. निघतं. पण सगळ्यांचं नाही. भाडं न निघणाऱ्यांपैकी एक मुलगी मंगळवारी माझ्या टेबलाशी येऊन तिचा शेवटचा बॉल पुन्हा पडद्यावर दाखवता का म्हणाली. दाखवला. तो बाहेरच होता. ती "थँक्यू दीदी" म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

स्पर्धा भरवणारे शेटजी तेच आहेत. डाळमिलवाले. तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी जुन्या जिनिंगच्या गोदामात मुरमाचं कोर्ट केलं होतं, ते. आता केस सगळे पांढरे झाले आहेत आणि कानात यंत्र आहे. सोमवारी कॅमेरे बसवायला मी शिडीवर असताना ते खाली येऊन उभे राहिले. म्हणाले, "तू नांदेडच्या मार्करची पोरगी ना गं?"

मी हो म्हटलं.

"आगं माय, केवढी झालीस! ही यंत्रं तूच बसवायलीस?"

मी पुन्हा हो म्हटलं आणि स्क्रू आवळत राहिले. ते तिथेच उभे. त्यांनी सोबतच्या दोघांना सांगायला सुरुवात केली, मी खाली उतरायच्या आत सगळं सांगून झालं: हिच्या बापानं हिच्याच फायनलमध्ये साहेबाच्या पोरीचा भाईर पडलेला बॉल आत दिला, पोरगी जिंकता जिंकता हरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिलं बक्षीस एक्कावन्न हजाराचं होतं. तुला एकवीस मिळाले. मधले तीस म्या देणार. माझ्या खिशातून. रविवारी समारंभात, समद्यांसमोर."

"नको, शेटजी."

"नको कसं? तेरा वर्षं झाली, माझ्या मनाला लागून हाय ते. आन आता मशीन आलंय, तर कळू दे की लोकाला, मशीन कशाला पायजे ते."

मी कंपनीच्या नियमांचं कारण दिलं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, छानच आहे, फोटो पाठवा.

तुम्ही मार्कर होता. हे आता कुणाला सांगितलं तर समजावून सांगावं लागतं. नांदेडच्या क्लबात पहाटे कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, फक्कीनं रेषा मारायच्या, जाळी ताणायची, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, त्याला घाम येईल पण तो हरणार नाही असं. मी आठ वर्षांची असताना बॉल वेचायला येत होते. एकदा साहेबांचा बॉल रेषेबाहेर चांगला वीतभर पडला आणि मी मोठ्यानं "आऊट" ओरडले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "आत हाय, साहेब. मस्त मारला." घरी येताना सायकलवर तुम्हीच बोललात. "साहेबाचा बॉल आतच असतो. तिथं माझं पोट हाय, खेळ न्हाई. जिथं खेळ असंल तिथं डोळ्याला दिसंल तेच सांगायचं. दोन्हीची गल्लत करायची न्हाई." मी विचारलं, कुठे खेळ आहे ते कसं कळायचं? तुम्ही म्हणालात, "कळतं."

आपला खेळ साडेपाचला असायचा, साहेब लोक यायच्या आधी, आणि रेषा मारायच्याही आधी. कोर्ट नुसतं तांबडं, ओलं, कोरं. तुम्ही मला रेषा नसलेल्या कोर्टावर खेळवायचात. बॉल पडला की विचारायचात, आत का बाहेर? मी सांगायचे. मग तुम्ही दोरी लावून, फक्कीचा डबा घेऊन वाकायचात आणि रेषा मारत त्या ठशापर्यंत यायचात, आणि मी चुकले असेन तर काहीही न बोलता बोट दाखवायचात. तीन वर्षांनी बोट दाखवायची वेळ येईनाशी झाली. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढच्या गोष्टीला ते लागतं म्हणून सांगते. मला दिसत होतं.

गोदामातली ती फायनल आता मी जशी घडली तशी लिहिते.

मी सतरा वर्षांची आहे. आईशी करार झालेला आहे: पहिलं बक्षीस आणलं तर एक वर्ष हैदराबादला मावशीकडे राहून फक्त खेळायचं, नाही आणलं तर रॅकेट माळ्यावर आणि लातूरला क्लास. समोर साहेबांची मुलगी आहे. तेच साहेब, जे रोज सकाळी तुमच्याशी खेळतात. ते पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आहेत. मिलचे हमाल मागे पोत्यांच्या थप्पीवर बसले आहेत आणि ते सगळे माझ्या बाजूचे आहेत. डाव्या रेषेवरचा माणूस ड्युटीला जायचं म्हणून निघून गेला आहे, आणि शेटजी तुम्हाला बसा म्हणतात. तुम्ही नको म्हणता. पंच आम्हा दोघींना विचारतो. साहेबांची मुलगी म्हणते, "काका चालतील मला." मी म्हणते, "मलाही." तुम्हाला निळा शर्ट देतात. तुम्ही तो अंगातल्या शर्टावरच घालता आणि वरचं बटणही लावता.

तिसरा सेट, पाच-चार, अॅडव्हान्टेज माझा. एक पॉइंट राहिला आहे. मी जाळीशी जाते, ती माझ्या डावीकडून लांब मारते, मी सोडून देते. बॉल रेषेशी पडतो. हमाल ओरडतात, "भाईर! भाईर!" टाळ्या सुरू होतात. माझ्या डोळ्यानं तोपर्यंत सांगून टाकलेलं असतं, आत. मी वळून दोन पावलं जाते. गोदामात ऊन येत नाही, त्यामुळे मुरूम ओला राहतो आणि ठसा स्वच्छ उठतो. ठसा तिथे आहे. फक्कीच्या रेषेची बाहेरची कड नखाएवढी तुटली आहे. नखाएवढी, पण तुटली आहे. मी रॅकेट वर करते, जिंकल्यावर करतात तशी, आणि त्या ठशावर पाय ठेवून बुटाचा तळ फिरवते.

मग मी तुमच्याकडे बघते. तुमचे दोन्ही तळवे जमिनीकडे, आडवे. आत.

पंच खुर्चीवरून उतरतो. ठसा कुठे आहे विचारतो. मी म्हणते, कळलं नाही, पाय पडला. शेटजीही येऊन वाकून बघतात. तिथे माझ्या बुटाची नक्षी आहे, बाकी काही नाही. पंच म्हणतो, मग लाइन जजचा निर्णय कायम. ड्यूस, म्हणजे पुन्हा बरोबरी. साहेब हसत म्हणतात, "शाबास, मार्कर!" आणि गोदाम हसतं. साहेबांनी ते गमतीनं म्हटलं असावं. पण त्या एका वाक्यानं सगळ्यांना उत्तर मिळून गेलं. मार्कर तो मार्करच. साहेबाचा बॉल आतच. त्यानंतर मी फक्त तीन पॉइंट घेतले. सात-पाच.

मी ठसा पुसला तो पंचानं लोकांचं ऐकावं म्हणून, मी जिंकावं म्हणून. ते झालं नाही. झालं एवढंच, की तुम्ही बरोबर होता याचा एकमेव पुरावा त्या गोदामातून गेला.

परतीची बस अहमदपूरला थांबली. तुम्ही खाली उतरून दोन केळी घेऊन आलात. एक मला दिलं. म्हणालात, "रॅकेट वर ठेव. लोकाच्या गुडघ्याला लागायली." मी ठेवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "म्या बघितलं."

"काय?"

"पाय."

मी केळ्याचं देठ मोडलं.

"आईला सांगू नको. मी बी सांगत न्हाई. खेळात खोटं केलीस. पुन्हा करू नको. झालं." आणि केळ सोलून खाल्लंत. साल बस सुरू होईपर्यंत हातात धरून ठेवलंत, कारण स्टँडवरचा कचऱ्याचा डबा लांब होता. लोहा गाव येईपर्यंत तुम्ही झोपलात. मला वाटतं खरंच झोपला होता.

आईला दुसऱ्यांकडून कळलं होतं. ती दारातच होती. "लेकीच्या ताटातलं काढून साहेबाच्या पोरीला वाढलं तुम्ही!" तुम्ही चप्पल काढत म्हणालात, "दिसलं ते सांगितलं." आई म्हणाली, "तुम्हाला साहेबाला सोडून दुसरं दिसतंय काय कधी?" मी मधल्या खोलीत उभी होते. अंतर पाच फूट असेल. त्यानंतर तीन आठवडे आई तुमच्याशी बोलली नाही, ताट समोर ठेवायची आणि जायची. क्लबातही चाललं. "मार्कर, आज पण आतच दे बरं का." तुम्ही हसायचात. लाइन जजच्या परीक्षेचा फॉर्म तुम्ही भरला होता, नियमांची झेरॉक्स काढून उशीखाली ठेवली होती. परीक्षा घेणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं, नांदेडच्या मार्करचं आम्ही ऐकलंय. बोलावणं आलं नाही. ती झेरॉक्स पुढे आईनं डब्यांच्या फळीवर अंथरली.

तुम्ही माझं नाव का घेतलं नाही, हे मला सांगता येत नाही. मला खोटारडी म्हणू नये म्हणून, की बक्षिसाचे एकवीस हजारही काढून घेतील म्हणून, की सांगायचं ते एकदा रेषेवर सांगून झालं होतं म्हणून. तिन्ही शक्य आहेत. निवड करायला पुरेशी माहिती नाही. दोन वर्षांनी तुम्ही दवाखान्यात चार दिवस होता. आई एका बाजूला, मी एका बाजूला. चार दिवस म्हणजे पुरेसा वेळ होता. मी खाटेशी बसून परीक्षेचा अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी आई तुमचे पाय चेपत म्हणाली, "तेवढं एक सोडलं तर माणूस चांगला हाय." तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी पान उलटलं. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही, पुढेही आलं नाही. लोकांना वाटलं, बापावरचा राग गेला नाही पोरीचा.

दहा पस्तीस. शेटजींची गाडी आली. जाऊन सांगते.

आता पावणेसहा वाजले आहेत. हॉल रिकामा होत आला आहे. मी कॅमेरे उतरवून पेटीत भरले, एक पेटी राहिली आहे. झालं ते क्रमानं लिहिते.

शेटजी ऑफिसात एकटेच होते, चहा पीत. मी दार लावलं आणि उभ्यानंच म्हटलं, "शेटजी, तो बॉल आत होता."

"कोणता?"

"तेरा वर्षांपूर्वीचा. बाबा बरोबर होते. मला तेव्हाच दिसला होता."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरले. "लेक असावी तर अशी," म्हणाले.

"मी खरं सांगते आहे."

"हाव, हाव. पोटच्या पोरीनं बापाला चूक म्हणू नये, बरोबर हाय तुझं. पण मला सांग, आत होता तर ठसा दिसला असता की, माय. पंच उतरला होता. म्या सवता वाकून बघितलं. काय बी नव्हतं तिथं. कुठं गेला ठसा?"

मी उभी राहिले. ते थांबले. मग उठून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा, काम कर. मनाला लावून घेऊ नको. तुझा बाप लई चांगला माणूस होता, पर साहेबाला भेत होता बिचारा."

फायनल दोन तास चालली. मशीननं कुठलीही चूक केली नाही, म्हणजे कुणी तक्रार केली नाही. जिंकलेली मुलगी लहानखुरी होती. तिनं बक्षिसाचा मोठा पुठ्ठ्याचा चेक डोक्यावर धरला आणि फोटो झाल्यावर खऱ्या पैशाचं कधी होईल ते हळूच विचारलं. मग शेटजींनी माईक घेतला. तुमची गोष्ट सांगितली. निळा शर्ट, साहेब, सगळं. शेवटी म्हणाले, "आन आज सकाळी ही पोरगी माझ्याकडं येऊन म्हणते, शेटजी, माझा बाप चुकला न्हवता! बगा! ह्याला म्हणत्यात संस्कार!" टाळ्या बराच वेळ वाजल्या. मला शाल घातली, नारळ दिला, पाकीट दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. विजेत्या मुलीनंही टाळ्या वाजवल्या, तिला मराठी येत नव्हतं.

आईचा फोन आला. शेटजींच्या माणसानं तिला व्हिडिओ पाठवला होता. म्हणाली, "घेतलीस ना?" मी म्हटलं, घेतलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. तुझं होतं ते." आणि पुढे म्हणाली, "जिथं असतील तिथं त्यांना बी वाईट वाटत असंल रे देवा, आत्ता." मी म्हटलं, मला बस पकडायची आहे.

शेटजींनी ठसा कुठे गेला असं विचारलं तेव्हा ते खरोखर उत्तरासाठी थांबले होते. किती वेळ, ते मला सांगता येतं. बाहेर मुली सराव करत होत्या आणि मशीन चालू होतं. त्या वेळात ते दोनदा ‘आऊट’ म्हणालं. ठसा मी पुसला, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मशीननं एकदा ‘आऊट’ म्हणायच्या आतही झाले असते. मी ते म्हटले नाहीत. भीती वाटली असं नाही, बाबा. त्याच्या आधी ते मला म्हणाले होते, लेक असावी तर अशी, आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं.